एक पॉइंट आठ

नाटकाशी माझा संबंध खरं तर पहिल्या वर्षाच्या ऑडिशनमध्येच संपला होता. 'आवाज पोचत नाही' म्हणून दिग्दर्शकाने मला तिसऱ्या वाक्यालाच थांबवलं. (व्हायव्हाला येणाऱ्या एक्स्टर्नल सरांचंही माझ्याबद्दल हेच मत आहे.) पण त्याच दिवशी कुणाला तरी कळलं की माझ्याकडे मामाने वापरून दिलेला डीएसएलआर आहे, आणि मी बॅकस्टेजला 'फोटोवाली' म्हणून रुजू झाले.

तोपर्यंत आमच्या घरी कॅमेरा म्हणजे वाढदिवस, अर्नाळ्याचा समुद्र आणि वसईचा किल्ला. किल्ल्यात दुपारी बारा वाजता कुठलीही लेन्स चालते. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सला लोक नावं का ठेवतात, हे मला कधी कळलंच नव्हतं. ते कळलं पहिल्या रंगीत तालमीत! १८० फोटो काढले. १७० हललेले. उरलेल्या दहांत सगळे स्तब्ध उभे, कारण तेव्हा दिग्दर्शक ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून फ्लॅश मारला. लाइट्स करणारा सीनिअर बोर्डावरून उठून थेट माझ्याकडे आला. "अगं, तीन आठवडे बसून जो अंधार केलाय, तो तू एका फ्लॅशमध्ये घालवलास!" त्यानंतर फ्लॅश कायमचा बंद.

आता मंडळी, आपण इंजिनीअर, तेव्हा थोडं गणित. १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं. ५० एमएमची साधी प्लॅस्टिकची लेन्स उघडते १.८ पर्यंत. आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि प्रकाश वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे साडेनऊपटीहून जास्त. आयएसओ १६०० ठेवूनही मला सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तिथे तेच काम दीडशेव्या भागात होणार. पंधराव्या भागात नट मान वळवतो आणि त्याला दोन नाकं येतात. दीडशेव्यात एकच येतं. पहिल्या वर्षी हा वर्ग फिजिक्सच्या पेपरात लिहून मी मार्क घेतले होते, पण तो खरा असतो हे तेव्हा वाटलं नव्हतं.

लेन्स घ्यायची ठरल्यावर सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला ७०-३०० घे, लांबून मिळेल. पण स्वस्तातली ७०-३०० लांबच्या टोकाला पुन्हा ५.६ च! दुसरा म्हणाला ७०-२०० एफ २.८, लग्नाचे फोटोग्राफर वापरतात ती. ती भाड्याने मिळते, वजन दीड किलो, आणि विरार लोकलमध्ये संध्याकाळी ती घेऊन चढायचं म्हणजे लेन्सआधी माझाच विमा काढायला हवा. शिवाय २.८ म्हणजे १.८ च्या निम्म्याहूनही कमी प्रकाश.

शेवटी एका शनिवारी चर्चगेट फास्ट पकडली आणि फोर्टातल्या बोरा बाजारात गेले. मी दुकानदार काकांना शार्पनेस, बोके वगैरे विचारत होते. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "बैठना कहाँ है, बेटा?" मी म्हटलं, दुसऱ्या रांगेत. त्यांनी सेकंडहँड ५० एमएम १.८ काढून काउंटरवर ठेवली. साडेचार हजार. सबमिशनच्या झेरॉक्सचे पैसे त्यातच गेले, असो.

डिसेंबरअखेर वसईत कला-क्रीडा महोत्सव असतो, तिथल्या नाचांवर हात बसवून घेतला. काळ्या पडद्यापुढे कॅमेऱ्याचं मीटर फसतं; त्याला सगळा अंधारच दिसतो आणि तो नाचणारीचा चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून मॅन्युअलवर आले. १.८ वर सहा मीटर अंतरावरून पुढेमागे मिळून जेमतेम एक मीटर पट्टा शार्प राहतो, हेही तिथे कळलं. नाचात एक सोय असते मात्र. गाणं मोठ्याने चालू असतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा आवाज कुणालाच जात नाही.

जुन्या नटांना हा प्रश्नच नव्हता. बालगंधर्वांचे स्त्रीवेषातले जे फोटो आपण पाहतो, ते पोझ देऊन काढलेले. चालू प्रयोगात बसून फोटो काढायची हौस आपल्या पिढ्यांची.

यंदाची आमची एकांकिका वाडी विकायला निघालेल्या घराची होती. शेवटी म्हातारा आजोबा बुजवलेल्या बावखलाच्या काठावर कळशी घेऊन एकटाच बसतो. वर एकच अँबर स्पॉट. अकरा सेकंद, संवाद नाही, मग ब्लॅकआउट. आजोबा करणारा माझ्याच वर्गातला. त्याच्या घरची वाडी दोन वर्षांपूर्वी गेली, आता तिथेच उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये ते राहतात. तालमीत ते अकरा सेकंद तो मोजायचा. ओठ हलताना मला लेन्समधून दिसायचे.

स्पर्धेच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत, सहा मीटरवर. शेवटचा स्पॉट आला. तो बसला. ओठ हलत नव्हते. सगळं थिएटर गप्प, खोकलासुद्धा नाही. त्याने मान किंचित वर केली, डोळ्यांत अँबर चमकला, आणि मी बटण दाबलं.

खटॅक!

एरवी तो आवाज केवढासा. त्या दिवशी शेजारच्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मग ब्लॅकआउट, टाळ्या.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक संहितेबद्दल बोलले, लाइट्सचं कौतुक केलं. रात्रीच्या विरार लोकलमध्ये सगळे फोटो बघायला माझ्यावर तुटून पडले. शेवटचा फोटो खरंच अप्रतिम आलाय, माझ्या आतापर्यंतच्या फोटोंत सगळ्यात चांगला. त्याने तो बराच वेळ धरून पाहिला. "मस्त आलाय. पाठव मला, आईला दाखवतो." भाईंदर सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, तेव्हा म्हणाला, "तुझा क्लिक ऐकला मी."

"मग?"

"काही नाही. एकदम आठवलं की आता ब्लॅकआउट आहे. तोवर आठवत नव्हतं."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "अगं ठीक आहे, फोटो तर आला." नायगाव येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

ग्रुपवर कुणीतरी लगेच सुचवलं, मिररलेस घे, आवाजच नाही. बरोबर आहे. पण मित्राचा घेऊन कॉलेजच्या हॉलमध्ये सायलेंट शटरवर काढून पाहिले, तर एलईडी लाइट्समुळे फोटोवर आडवे पट्टे. आणि तेवढे पैसेही नाहीत.

मग पुन्हा गणित केलं. ८५ एमएम, तीही १.८. दहा मीटरवरून तिच्यात माणूस तेवढाच मोठा दिसतो जेवढा ५० मध्ये सहा मीटरवरून. प्रकाश तेवढाच, आणि शार्प पट्टाही तोच, साधारण एक मीटर. फक्त मी चार मीटर मागे. त्याच्यापासून लांब, आणि लाइटच्या बोर्डाजवळच्या कोपऱ्यात, जिथे तसेही खटके वाजत असतात. लाइटवाल्याशी बोलून ठेवलंय. शेवटचे फोटो मात्र तालमीतच काढायचे, मग ओठ हलले तरी हलू देत.

बोरा बाजारात दोनदा जाऊन आले. काकांकडे एक ८५ आहे, पुढच्या काचेवर कडेला बारीक ओरखडा. भाव काही उतरत नाहीये. ऑगस्टपासून तालमी सुरू होतील.