कुडाळहून घरी

थोरला आणि शेंडेफळ यांच्यात १७ वर्षांचे अंतर पडले, की घर एकच राहते, पण बालपणे दोन होतात. बारावीनंतर थोरला मुंबई गाठतो, तेव्हा धाकटा पाळण्यात असतो. पुढे गणपतीत आणि मे महिन्यात खाऊ घेऊन येणारा, चार-आठ दिवसांनी बॅग भरून जाणारा माणूस, एवढीच त्याला दादाची ओळख. सिंधुदुर्गातील चाकरमान्यांच्या घरांत हे सर्रास आढळते. प्रस्तुत लेखक एका एप्रिलमध्ये कायमचा घरी परतला, तेव्हा भाऊ ९ वर्षांचा होता, बहीण १२ वर्षांची.

त्याची गाडी, तुतारी एक्स्प्रेस, दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. केशवसुतांच्या कवितेवरून २०१७ मध्ये तिला हे नाव मिळाले. उक्षीनंतर साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो, रत्नागिरीच्या पुढे पानवलचा ६४ मीटर उंच पूल. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये अखंड सुरू झाला. त्याआधी घरी जाणे म्हणजे एस.टी.ची रातराणी. मार्ग बहुतेक एकेरी असल्यामुळे गाडी क्रॉसिंगला थांबते. सुट्टीचे दिवस मोजून आणलेला चाकरमानी अशा वेळी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येतो. परतीचे तिकीट नसलेला जागेवर बसून राहतो.

कुडाळहून मालवणला जाणारा रस्ता नेरूर मागे टाकून कर्ली नदी ओलांडतो आणि काळसे, धामापूर करीत चौक्याकडे निघतो. घर या रस्त्यापासून आत, काजूच्या बागांमधून गेलेल्या पाणंदीवर. पाणंदीच्या तोंडाशी दोघे भावंडे उभी होती. बॅग भावाने ओढून घेतली आणि तो पुढे निघाला. गडग्याची पडलेली बाजू टाळून कुठून जायचे, हे त्याला पाठ होते. थोरल्याच्या आठवणीतील वाट त्या जागी आता नव्हती.

एप्रिल हा काजूचा हंगाम. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी मुले बागेत जातात. आकडी बांधलेल्या काठीने फांदी ओढायची, बोंड पिळून बी वेगळी करायची. सुकलेली बी दुकानदार वजनावर घेतो आणि ते पैसे मुलांचे असतात. ओले गर काढण्याचे काम जास्त जपून करावे लागते, कारण सालीतील चीक कातडी पोळतो. हाताला राख लावून बी कशी चिरायची, हे बहिणीने शिकवले. थोरल्याला ते पूर्वी येत होते, पण आठ वर्षांत हात विसरला होता. बोटांची साले निघाली. वयाने मोठा असूनही इथे त्याने शिकाऊ व्हावे, हेच योग्य होते. खाऊ देऊन मुले खूश होतात, पण जवळ येतात ती अशा कामात, ज्यात त्यांना जास्त कळते.

मुलांचा विश्वास मात्र उशिरा बसला. दर रविवारी संध्याकाळी भाऊ विचारी, “दादा, तुझी गाडी कधी आसा?” उत्तर ऐकून घेई आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारी. मोकळी बॅग माळ्यावर गेली, तरी प्रश्न येतच राहिला. मे महिना सरला, पाहुणे आले तसे मुंबईला परत गेले. जूनमध्ये पाऊस लागला, शाळा उघडली, छत्र्या निघाल्या. त्यानंतरच्या रविवारी भावाने वह्या कव्हरे घालायला थोरल्यासमोर आणून ठेवल्या. गाडीचे काही विचारले नाही.