तीन सरक्या

एकच गोष्ट पुनःपुन्हां करणाऱ्या माणसाचा मला पूर्वीं फार राग येत असे. आतां तो येतच नाहीं असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं; परंतु त्या रागाची धार थोडीबहुत बोथट झाली, ती आमच्या देवळीच्या घरांतल्या शहाबादी फरशीवर, खडूनें आंखलेल्या चौकटींत आणि मूठभर सरकीच्या संगतींत.

खेळ तसा फार जुना नाहीं. अशा आपोआप बदलणाऱ्या चौकटींची कल्पना फॉन नॉयमन व उलम या गणितज्ञांनीं १९४० नंतरच्या दशकांत मांडली होती. केंब्रिजच्या जॉन कॉन्वे यानें तींतून 'लाइफ' नांवाचा हा खेळ सिद्ध केला आणि मार्टिन गार्डनरच्या लेखामुळें १९७० च्या ऑक्टोबरांत तो जगाला कळला. संगणकाच्या पडद्यावर आज तो क्षणांत हजारों पिढ्या ओलांडतो. पण कॉन्वे आणि त्याचे सोबती आरंभीं 'गो' या खेळाच्या पटावर हातानेंच सोंगट्या मांडीत असत, हें वाचल्यापासून मलाहि पडद्यापेक्षां फरशीच बरी वाटूं लागली. आणि कापसाच्या मुलखांत सोंगट्यांना काय तोटा?

नियम पोरासोरांनाहि कळण्यासारखे आहेत. प्रत्येक घराला आठ शेजारी. रिकाम्या घराभोंवतीं नेमक्या तीन सरक्या असल्या कीं तेथें नवी सरकी जन्मते. असलेल्या सरकीला दोन किंवा तीन शेजारणी असतील तर ती तगते. कमी असतील तर एकटेपणानें मरते आणि जास्त असतील तर गर्दीनें. हे जन्ममृत्यु सगळ्या घरांत एकाच वेळीं घडावयाचे. म्हणून जन्माच्या जागीं मी आधीं तुरीचा दाणा ठेवतों, मग मरणाऱ्या सरक्या उचलतों आणि शेवटीं दाण्यांच्या जागीं सरक्या घालतों. घाई केली कीं सारा पट बिघडतो, आणि कोठें बिघडला हें मागाहून शोधणें केवळ अशक्य.

बहुतेक मांडण्या कांहीं वेळ धुमाकूळ घालून निमतात किंवा निश्चल होतात. माझें मन रमलें तें आंदोलकांत, म्हणजे ठराविक पिढ्यांनीं पुन्हां मूळ रूपावर येणाऱ्या मांडण्यांत. तीन सरक्या एका ओळींत आडव्या ठेवा. टोंकांच्या दोघींना एकेकच शेजारीण, म्हणून त्या मरतात. मधलीला दोन, म्हणून ती राहते. आणि तिच्या वर व खालीं दोन नव्या जन्मतात. आडवी ओळ उभी झाली! पुढच्या पिढींत ती पुन्हां आडवी. हिला ब्लिंकर म्हणतात. हिचें आवर्तन दोन पिढ्यांचें. पल्सारचें आवर्तन तिनाचें, पण त्याला आळीपाळीनें ४८, ५६ आणि ७२ सरक्या लागतात. दहा सरक्यांची सरळ ओळ पुढें १५ पिढ्यांच्या आवर्तनावर स्थिरावते. ती साधावयास मला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि तींतहि दोनदां चुकलों. वाटेल त्या लांबीचें आवर्तन या खेळांत असूं शकतें काय, हा प्रश्न अर्धशतक रेंगाळला होता. शेवटीं १९ आणि ४१ हे दोनच आंकडे अडून बसले होते. तेहि २०२३ सालीं साधले. तें पाहावयास कॉन्वे नव्हता. २०२० च्या एप्रिलांत करोनानें त्याला नेलें.

मी खेळत असतांना आई जवळच खाटेवर बसलेली असते. तिची स्मृति गेली आहे. एक प्रश्न तेवढा उरला आहे. "आली काय रे बंडी?" बाबा पुलगांवच्या बाजाराला कापसाची बंडी घेऊन जात आणि रात्रीं उशिरां परतत. बाबांना जाऊन एकवीस वर्षें झालीं. बंडी त्याहूनहि आधीं विकली. "येईलच आतां," असें मी म्हणें, तिचें समाधान होई, आणि थोड्या वेळानें पुन्हां तोच प्रश्न. एका दुपारीं मीं तें आवर्तन घड्याळ लावून मोजलें, हें लिहितांना आज संकोच वाटतो. सहा मिनिटें, साडेसहा, पुन्हां सहा.

खेळाच्या नियमाला मागची पिढी ठाऊक नसते. तो केवळ आतांचे आठ शेजारी पाहतो. आपण पूर्वीं एकदां अशाच आडव्या होतों, हें त्या तीन सरक्यांच्या गांवींहि नसतें. टोंकांच्या दोघी तर प्रत्येक वेळीं नव्याच. आवर्तन दिसतें तें पटाबाहेर बसून मोजणाऱ्याला. आईच्या स्वरांत मला कंटाळा कधीं ऐकूं आला नाहीं. तिची काळजी दर वेळीं ताजीच असे, जणूं नुकतीच दिवेलागण झाली आहे आणि रस्त्यावर चाकांचा आवाज नाहीं. कंटाळा होता तो सगळा माझा.

पण हें सुचलें उशिरां. त्याच्या आधीं, श्रावणांतल्या एका दुपारीं, मीं चिडून खरें तें सांगून टाकलें : "बंडी कशाची येते आतां? बाबा जाऊन एकवीस वर्षें झालीं!" आई गप्प झाली. सुटलों, असें मला वाटलें. मग तिनें विचारलें, "कधीं गेले?" मग, "जवळ कोण होतें?" मग, "मला कां नाहीं सांगितलें?" आणि या तिहींच्या मागोमाग, "मग बंडी कोणीं आणली?" हे चार प्रश्न रात्रीं तिचा डोळा लागेपर्यंत फिरत राहिले.

त्या रात्रीं मला झोंप येईना. फरशीवर तीन सरक्या आडव्या मांडल्या आणि मधलीच्या डोक्यावर एक जास्तीची ठेवली. मांडणी फुगली, पसरली, मधून पोकळ झाली. आणि नऊ-दहा पिढ्यांनीं पाहतों तों चार दिशांना चार ब्लिंकर, प्रत्येकांत तीन सरक्या, आपापल्या जागीं आडव्या-उभ्या होत आहेत. गणिताला माझ्या घरचें काय ठाऊक? तरी मीं दिवा मालवला आणि अंधारांत बराच वेळ तसाच बसलों.

सकाळीं आई कालचें सारें विसरली होती. माध्यान्हीच्या सुमारास तिनें विचारलें, "आली काय रे बंडी?"

"नाचणगांव सोडलें असेल, आई. बैल थकले आहेत."

"मग कंदील लाव बाहेर."

ऊन अंगणभर पडलें होतें. मीं उठून ओसरीवरचा दिवा लावला.