नव्वद फुटांची चोरी

बेसबॉलचा सामना मी प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. तरीही गेले काही महिने मॉरी विल्स नावाच्या एका अमेरिकन बेसबॉलपटूने माझ्या मनात ठाण मांडले आहे.

तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. १९३२ साली वॉशिंग्टनमध्ये १३ भावंडांच्या घरात जन्मला. डॉजर्सच्या दुय्यम संघांत त्याने आठ वर्षांहून अधिक काळ काढला. डेट्रॉईटने अजमावायला नेले आणि परत पाठवले. स्पोकेनला बॉबी ब्रॅगन यांनी या उजव्या फलंदाजाला डाव्या बाजूनेही खेळायला शिकवले. तिथून पहिला बेस पावलाभराने जवळ पडतो. १९५९च्या जूनमध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो मुख्य संघात आला.

आठ वर्षे! आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘अजून किती वर्षं?’ असे घरात कुणी विचारत नाही. जेवताना आबा माझ्या पुस्तकांकडे एकदा बघतात, तेवढ्यात ते विचारून होते.

या खेळात चोरी कायदेशीर असते. पिचर चेंडू टाकतो न टाकतो तोच पुढच्या बेसकडे धाव ठोकायची, अंतर ९० फूट. १९६२ साली विल्सने अशा १०४ चोऱ्या करून टाय कॉबचा १९१५ सालचा ९६चा विक्रम मोडला. घसरून घसरून पाय सोलवटले, रक्त साकळले, तरी त्या हंगामात तो १६५ सामने खेळला. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सनी तर त्याला धावता येऊ नये म्हणून बेसजवळची माती पाण्याने भिजवून ठेवली. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पण मला १९८१चा विल्सही विसरता येत नाही. सिएटल मरिनर्सचा व्यवस्थापक असताना त्याने फलंदाजाची चौकट नियमापेक्षा फूटभर लांब आखून घेतली. पंचांनी मोजली. दोन सामन्यांची बंदी, ५०० डॉलर दंड; मे महिन्यात नोकरीही गेली. जिंकण्याची तहान तीच होती. मात्र चोरी करताना तो साऱ्या मैदानाच्या डोळ्यांदेखत धावत असे, आणि ही चौकट कुणाला दिसू नये म्हणून आखलेली.

पुढे कोकेनच्या व्यसनात त्याची वर्षे गेली, त्यातूनही तो बाहेर आला. २०२२ साली त्याचे निधन झाले तेव्हा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झालेली नव्हती. मला हा अन्याय वाटतो. आमच्या क्रीडाशिक्षकांना वाटत नाही, आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.