मामांच्या पेटीतला मार्क फाइव्ह

११ जून
होड्या वर ओढून झाल्या. मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग आता पाऊस सरेपर्यंत बंद, म्हणजे माझं टेबलावरचं काम सुरू. सेंटरचे रेग्युलेटर थांबतील, आधी मामांचे. मामा आखातात बंदराच्या कामावर डायव्हर होते. परत आल्यावर त्यांची पेटी माळ्यावर चढली, ती यंदा घर शाकारताना खाली आली. आत दोन रेग्युलेटर. एक स्क्यूबाप्रोचा मार्क फाइव्ह, जोडीला १०९ ही धातूची सेकंड स्टेज. दुसरा अशा कंपनीचा, जी आता नावालाही उरलेली नाही.

"चलतला रे, पितळेचा आसा," मामा म्हणाले. पितळेपुरतं मला मान्य आहे.

सेंटरवरचा नवा पोरगा लगेच टँक घेऊन आला. लावून बघूया म्हणे. मी नाही लावू दिला. टँकमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेज भोवतालच्या दाबापेक्षा ९-१० बार वर आणून ठेवते, आणि सेकंड स्टेज ती तोंडाशी श्वासाजोगी करते. मधली ओ-रिंग वाळून कडक झाली असेल तर हवेच्या पहिल्या धक्क्याला तिचा तुकडा सुटून नेमका नको तिथे जाऊन बसतो. आधी उघडायचं, मग हवा.

१३ जून
दिवसभर धो धो. लाइट दोनदा गेली, तरी काम झालं.

उघडताना मी सगळ्यांत आधी फिल्टर बघतो. हवा आत शिरते तिथे दाबून बसवलेल्या धातूच्या कणांची ती चकती सगळी कुंडली सांगते. मार्क फाइव्हच्या फिल्टरला कडेने हिरवट छटा: कधीतरी डस्ट कॅप ओली बसली आणि खारं पाणी आत गेलं. दुसऱ्याचा फिल्टर तांबूस, म्हणजे आतून गंजलेल्या स्टीलच्या टँकवर तो बराच वापरलेला.

रबराची मात्र सगळीकडे रया गेली आहे. १०९ चा डायफ्रॅम बोटांत वाकवला आणि बॅटरीसमोर धरला, तर घडीवर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या जागेला चिकटून बसलेला. तो नीट बसला नाही तर प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात खारं पाणी येतं. होज वरून ठीक दिसत होते. टोकाशी असतं ते रबरी बूच मागे सरकवलं, तर खाली गोल भेग. होजची भेग बहुतेक वेळा तिथेच लपते.

सेकंड स्टेजच्या सीटवर खोल वर्तुळ उमटलंय. पेटीत पडून असतानाही स्प्रिंग सीटला कडेवर दाबतच राहते. १०९ ला बाजूला नॉब असतो. तो सैल करून ठेवला असता तर दाब कमी पडला असता. मामांनी तो पूर्ण आवळून ठेवला होता. बोललो नाही.

१७ जून
मार्क फाइव्हमध्ये पिस्टन असतो आणि त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी मुद्दामच खेळतं, खोलीचा दाब पिस्टनला कळावा म्हणून. मीठ साचतं ते तिथेच. पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी, आणि जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटं. फार वेळ ठेवलं तर क्रोमचा मुलामा सुटलेल्या जागी आम्ल खालचं पितळ खायला लागतं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग गोडं पाणी, मग पंख्याखाली.

मामी म्हणाली, समईला लावतो ते आमसूल लाव की. समईतून कोणी श्वास घेत नाही, मामी.

जुन्या ओ-रिंग काढायला पितळी काडीच वापरली. खाचेत पोलादी टोकाचा ओरखडा उठला की नवी रिंगही तिथून फुसफुसणारच.

२ जुलै
सुटे भाग आले. मार्क फाइव्ह इतका खपला की त्याच्या सीट आणि रिंगा आजही मिळतात. जुना रेग्युलेटर वापरावा की नाही, हे मी त्याच्या वयावरून नाही, सुट्या भागांवरून ठरवतो.

पिस्टनची कड भिंगाखाली फिरवून बघितली. ही धारदार कड प्लास्टिकच्या सीटवर टेकून २०० बार अडवते, तिला एक टवका पुरे. शाबूत आहे. ग्रीस रिंगला नुसती चमक येईल एवढंच. पोरगा बोटभर घेऊन आला होता, ते पुसायला लावलं.

एक धोका मात्र त्या काळातल्या मालात असतो: हाय प्रेशरच्या पोर्टाचे आटे लो प्रेशरच्या पोर्टासारखेच. पुढे कंपन्यांनी हाय प्रेशरचे आटे मोठे केले. चुकून सेकंड स्टेजचा होज तिथे बसला तर त्यात थेट टँकचा दाब. मी त्या पोर्टात अ‍ॅडॉप्टर घट्ट बसवून टाकला, आता तिथे फक्त गेजच लागेल.

५ जुलै
हवा लावली. सेकंड स्टेज जोडल्याशिवाय नाहीच. दोन स्टेजमधला दाब हाताबाहेर गेला तर तिचा व्हॉल्व्ह आपणहून उघडून हवा सोडतो.

गेज साडेनऊवर थांबला, मग हळूच पुढे. नवी सीट पिस्टनच्या कडेला रुळायला वेळ घेते. पर्ज बटण दाबत राहिलो, दाबत राहिलो, तेव्हा काटा जागचा हलेनासा झाला. रात्रभर टँकला तसाच ठेवला. सकाळीही साडेनऊ. टँक ४० बारवर आणून बघितलं, जवळपास तेवढाच. बॅलन्स्ड पिस्टनची खूण हीच.

मग बादली. माउथपीस वर धरून सेकंड स्टेज हळूहळू पाण्यात उतरवली. इंचभर बुडाल्यावर हवा सुटायला लागली. दीड इंचापर्यंत चाललं असतं.

६ जुलै
दुसराही साफ केला, ज्या मापाच्या रिंगा मिळाल्या त्या घातल्या, डायफ्रॅम आणि होज दुसरीकडचे लावले. पोरग्याने तोंडात धरून चार श्वास घेतले आणि म्हणाला, "दादा, ह्यो त्याच्यापेक्षा बरो!" खरंच बरा होता. पण गेज नऊवरून दहा, मग अकरा, आणि थोड्या वेळाने सेकंड स्टेज आपोआप वाहायला लागली. आतली सीट गेलेली, आणि त्या मापाची दुसरी कुठेही नाही. टेबलावरचा गोड श्वास काही सिद्ध करत नाही. टेबलाशी आपण कधीही तोंड काढून घेऊ शकतो.

त्याच्या होजचे कापून तुकडे केले, नाहीतर सीझनच्या गर्दीत कोणीतरी उचलेल. बॉडी मामांच्या कपाटात.

१४ ऑक्टोबर
पाणी निवळतंय. मार्क फाइव्ह आधी पूलमध्ये, आज किल्ल्याच्या आडोशाला पाच-सहा मीटरवर. माझ्याकडे दुसरी सेकंड स्टेज होती आणि बरोबर जोडीदार. श्वास हलका. डोकं उलटं केल्यावर थेंबभर पाणी आलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा बघायला हवा.

संध्याकाळी मामा विचारत होते, त्यांनी कधी उतरायचं. आधी डॉक्टरांचं पत्र आणा म्हटलं. रागावलेत.