तळाचं वाळवण

मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या मे संपता संपता पाण्याबाहेर निघतात, चार महिने ठोकळ्यांवर बसतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाण्यात जातात. मालकाचा हिशेब सरळ असतो: होडी नाहीतरी वर आहेच, तर तळाचं कामही पावसाळ्यातच उरकून घेऊ. तळ तपासणं हा माझा धंदा. जुन्या फायबरच्या होड्यांचे जे तळ दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडलेले पाहतो, त्यांतले बरेचसे याच हिशेबाने बिघडलेले असतात.

फायबर कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्यामुळे ते पाणीही पीत नाही अशी लोकांची समजूत झाली आहे. पितं, सावकाश पितं एवढंच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक होड्या साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या आहेत. बाहेरून जेलकोटचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. पाण्याची वाफ त्यातून वर्षानुवर्षं आत झिरपते. आत रेझिनमध्ये ग्लायकॉलसारखी पाण्यात विरघळणारी द्रव्यं राहून गेलेली असतात; शिवाय पाणी हळूहळू रेझिनच तोडतं आणि त्यातून आम्ल सुटतं. हे आतलं द्रावण आणखी पाणी ओढून घेतं, दाब वाढतो आणि जेलकोटला फोड येतो. १९८७ साली ऱ्होड आयलंड विद्यापीठाने अमेरिकी कोस्ट गार्डसाठी या फोडांच्या कारणांचा सविस्तर अभ्यास केला, तेव्हापासून यातलं गूढ बरंच कमी झालं आहे.

आपल्या किनाऱ्यासाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. गरम पाण्यात ही क्रिया वेगाने होते. आणि गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. पावसाळ्यात होडीवर नीट ताडपत्री नसेल तर पावसाचं पाणी आत तळाशी साचतं. मुंबईत त्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे ठोकळ्यांवर ‘विश्रांती’ घेणारी होडी आतून भिजत असते, आणि आतल्या बाजूला तर जेलकोटही नसतो.

तपासणीला मी आधी कान लावतो. प्लॅस्टिकच्या डोक्याची हलकी हातोडी घेऊन नाळेपासून मागे ठोकत जायचं. चांगला थर टणटणीत वाजतो. पापुद्रे सुटले असतील तिथे आवाज बसका येतो, ठोका आत जिरतो. बसक्या आवाजाभोवती खडूने रेघ मारायची. होडी बाहेर काढून धुतल्यावर लगेच तळावर तिरपी बॅटरी मारली की फोड सावलीने उठून दिसतात. पुढच्या काही दिवसांत त्यांतले बरेच बसतात, म्हणून विकणारा माणूस गिऱ्हाइकाला आठवड्याने बोलावतो. फोडाला टोचा मारताना चष्मा हवाच. आतलं पाणी पिचकारीसारखं उडतं. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि बोटांत धरलं तर ते चिकट लागतं. चिकट नसेल, वासही नसेल, तर तो बहुधा नुसत्या रंगाचा फोड. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागितले तर देऊ नयेत.

ओलावा मोजायच्या मीटरवर माझा विश्वास बेताचा. तळाच्या रंगात तांबं असतं, त्याने काटा फसतो; म्हणून हातभर जागेतला रंग खरवडूनच मीटर लावायचा. तो टक्केवारी सांगत नाही, फक्त तुलना सांगतो: पाण्याच्या रेषेच्या वर किती, खाली किती. सुकाणूच्या पात्याचा आवाज संशयास्पद वाटला तर खालच्या टोकाला एक बारीक भोक पाडावं. तपकिरी पाणी ठिबकलं की समजायचं, आतला फोम भिजला आहे. नाळेकडच्या बाजूला, कील जिथे तळाला मिळतो, त्या सांध्यातली चीर मात्र फोडांपेक्षा कितीतरी गंभीर. आतल्या आडव्या पट्ट्या आणि बोल्ट पाहिल्याशिवाय मी त्यावर मत देत नाही.

फोडांनी होडी बुडाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वीस-पंचवीस सुटे फोड असतील तर तेवढेच उघडून, धुऊन, वाळवून इपॉक्सीची लांबी भरावी आणि होडी वापरावी. सगळा तळ सोलायची वेळ फोडांचं रान माजलं असेल किंवा थर सुटत असतील तरच येते.

सोलायचा झाला, तर काळवेळ पाहावीच लागते. जेलकोट निघाल्यावर तळ गोड्या, शक्य तर गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. ओल काढण्यासाठी पाणी मारायचं म्हटलं की मालक माझ्याकडे संशयाने बघतो. पण आतलं ग्लायकॉल हवेत उडून जात नाही, ते ओल धरून बसतं. धुतल्याशिवाय महिनोन् महिने मीटरचा काटा हलत नाही. मग वाळवण. पापड-कुरडया आषाढात कुणी घालत नाही, मग तळ का घालावा? जुलैत हवाच ऐंशी टक्क्यांहून जास्त दमट असते. तेव्हा इपॉक्सी चढवलं तर आतली ओल आतच कोंडते.

म्हणून माझा आग्रह असा की ज्या होडीचा तळ सोलायचा आहे, तिचा अर्धा हंगाम सोडून द्यावा. संक्रांतीनंतर बाहेर काढावी, शिमग्यापर्यंत सोलून-धुऊन घ्यावी, एप्रिल-मेचं ऊन पोटभर द्यावं आणि मृग लागायच्या आत इपॉक्सी पूर्ण करावं. ऐन वाऱ्याच्या महिन्यांत होडी वर ठेवायची म्हटलं की मालकांचे चेहरे पडतात, ते साहजिक आहे.

जिथे थर गेला आहे तिथे नव्या कापडाआधी कड घासून उतरती करायची, जाडीच्या बारापट. चार मिलिमीटरच्या थराला चारी बाजूंनी जवळपास पाच सेंटिमीटर उतार. खड्डा तेवढाच ठेवून लांबी चोपडणारे कारागीर भेटतात. ते काम दिसायला गुळगुळीत, ताकदीला शून्य. वरून इपॉक्सीचे पाच-सहा हात, वाळल्यावर मिळून किमान पाव मिलिमीटर. हे हात सकाळी मारायचे नाहीत. तळ तापत जातो तशी आतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थराला टाचणीएवढी भोकं पाडते. दुपार कलल्यावर, तळ निवत असताना सुरुवात करावी आणि दव पडायच्या आत हात आवरावा. काही इपॉक्सींवर रात्रीत मेणचट साय येते. ती पाण्याने पुसून मगच पॉलिश पेपर लावावा, नाहीतर साय घासली जाऊन पृष्ठभागात मुरते आणि पुढचा हात धरत नाही. शेवटचा हात नखाने दाबल्यावर किंचित खूण उमटेल इतका कोवळा असतानाच शेवाळरोधक रंगाचा पहिला हात द्यायचा.