बॉस्टनचे भोपळे आणि 'हाउ आर यू'

बॉस्टनचा ऑक्टोबर म्हणजे लालभडक मेपल, सफरचंदांच्या बागा आणि एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकोकडे भरपूर रिकामा वेळ! पुण्यात मी टीम सांभाळायचे. इथे नोकरीची परवानगी नाही. (२०१५पासून काही जणींना मिळते; पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी बरीच पुढे सरकल्यावर.) मग घराजवळच्या चर्चमधला फुकट इंग्रजी क्लास गाठला.

आई फोनवर हादरलीच, "बाटवतील गं!" तसं काही नाही. बायबलचा वर्ग वेगळा, हवा त्याने बसावं. आमच्या टेबलावर कोरियन, ब्राझिलियन मैत्रिणी आणि विषय डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा. व्याकरण येतं हो मला! पण 'हाउ आर यू'ला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवतात?

गंमत म्हणजे बॉस्टनच्या मिशन बोर्डाने धाडलेले मिशनरी १८१३मध्ये मुंबईत पोचले आणि चक्क मराठी शिकायला बसले. आता पाळी आमची!

शनिवारी सगळी वरात सफरचंदं तोडायला गेली, मग भोपळे कोरायला. आतला गर फेकायला निघाल्या होत्या... मी डबा पुढे केला. मंगळवारी घारगे नेतेय. 'गूळ म्हणजे काय' हा प्रश्न येणारच, आणि ते इंग्रजीत सांगायचंय.