पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक

“काकू, तुमच्या खात्यात गुन्ह्याचे पैसे आलेत,” बँकेतला मुलगा काचेआडून म्हणाला, आणि तेही अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्या मागे आमच्या भिवंडीतल्या कामतघरातलीच माणसं उभी होती. त्यांच्या घरच्या बायकांचे ब्लाउज मी वर्षानुवर्षं शिवत आलेय. त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. पैशांचं काय झालं ते पुढे सांगते, पण राग आहे तो त्या वाक्याचा.

मी जुकी मशीन विकली होती. क्लच मोटरची, टेबल-स्टँडसकट. एके काळी गोदामांकडून पीसवर काम यायचं तेव्हा घेतलेली. आता ते काम आटलं, कंबरही बोलायला लागली, आणि ब्लाउज, पिको-फॉलला घरची मशीन पुरते. जुकी नुसती जागा अडवून बसली होती.

भिवंडीत जुनी मशीन विकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. इथे माग विकले जातात, तेही कित्येकदा भंगाराच्या भावात, वजनावर. पूर्वी अशा व्यवहारात मधे दलाल असायचा. दोन्हीकडून दलाली खायचा, दोन्हीकडून शिव्याही खायचा, पण मशीन कुठल्या गल्लीत, कुणाच्या कारखान्यात गेली हे त्याला तोंडपाठ असायचं. आता मोबाइलवर फोटो टाकायचा, की कल्याणपासून वसईपर्यंतचे लोक फोन करतात. सूनबाईनं फोटो काढले, अठरा हजार किंमत टाकली.

पहिलाच फोन ‘आर्मीवाल्या’चा. मी फौजेत आहे, बदली झालीय, मशीन न बघता घेतो, माझा माणूस गाडी घेऊन येईल, तुम्ही फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. सोबत गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो. मी म्हटलं, बाबा, फौजेत जुकी कशाला लागते? फोन बंद. हे प्रकार आता कुणाला सांगायला नकोत. स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत. पैसे यायला पिन लागतच नाही. २०२१च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा विकायला काढला, आणि याच क्यूआरच्या युक्तीनं तिचे चौतीस हजार गेले. तेव्हा सगळ्या देशानं ही गोष्ट वाचली. समोरच्याला ‘पैसे मागण्या’ची विनंती पाठवायची सोय यूपीआयमध्ये होती, तीही एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली. म्हणजे चोर कुठल्या दारानं येतो हे सरकारला, बँकेला, माझ्या सुनेला, सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं.

मी काय काय केलं ते ऐका. घरी कुणाला बोलावलं नाही, दुकानात बोलावलं, भर दुपारी. शेजारचा झेरॉक्सवाला हजर होता. टोकन म्हणून एक रुपया पाठवा वगैरे काही केलं नाही. ओटीपी दिला नाही. मशीन घ्यायला एक मुलगा आला, वय पंचविशीचं, बोलण्यात अदब. मशीन नुसती बघितली नाही, चालवून बघितली. माझ्याकडच्या चिंधीवर सरळ शिलाई मारली, उलटी करून टाके बघितले, बॉबिन काढली, शटलवर बोट फिरवून म्हणाला, “मावशी, हे घासलंय, बदलावं लागेल.” खरंच घासलं होतं. त्या शटलपायी त्यानं घासाघीस केली ती साडेपंधरावर येऊन थांबली, आणि शेवटच्या पाचशेसाठी तर त्यानं माझा अर्धा तास खाल्ला. पैसे पाठवले. मी स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवला नाही, कारण खोटी पावती दाखवणारी ॲप असतात. मी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितली. साडेपंधरा हजार जमा. मग छोटा हत्ती आला, मशीन चढली. सुनेनं चढवतानाचा फोटो काढला, गाडीचा नंबर दिसेल असा. पाठवणाऱ्याचं नाव मुलाच्या नावापेक्षा वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, ओळखीच्याकडून मारून घेतले. यात मला काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. या गावात अर्धी माणसं बाहेरून कामाला आलेली. कुणाचं खातं गावाकडच्या शाखेत, कुणाच्या मोबाइलला बँक जोडलेली नाही. मोबाइल रिचार्जच्या दुकानात रोख द्यायची आणि दुकानदाराकडून ऑनलाइन मारून घ्यायचे, हे इथे रोजचं आहे. माझी कितीतरी गिऱ्हाइकं नवऱ्याच्या, दिराच्या, मालकिणीच्या खात्यातून पैसे देतात. प्रत्येकीचं आधार कार्ड मागायचं म्हटलं तर पिको कधी करायचा?

आठवडा गेला असेल. धामणकर नाक्यावर भाजी घेतली, पैसे पाठवले तर जाईनात. वाटलं नेटवर्क. मग विजेचं बिल जाईना. बँकेत गेले तर ते वाक्य.

खातं फ्रीज झालेलं. सायबर पोलिसांचा होल्ड. कुठल्या पोलिसांचा? परराज्यातल्या, भिवंडीपासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावरच्या. किती रकमेसाठी? ते ‘सिस्टीममध्ये’ दिसत नाही. साडेपंधरा हजारांचा वाद असेल तर साडेपंधरा अडवा ना, बाकीचे माझे शिलाईचे पैसे कशाला? “वरून आलंय, काकू.” वरून म्हणजे कुठून, हे त्या शाखेत एकालाही सांगता आलं नाही. एकानं सांगितलं मेल करा, दुसऱ्यानं मेलचा पत्ता दिला तो चुकीचा निघाला, तिसरा म्हणाला साहेब सोमवारी येतील.

आणि त्यातली खरी गंमत सांगते. खात्यातून पैसे बाहेर जात नव्हते, पण आत येत होते. माझ्या दुकानात क्यूआरचा स्टिकर लावलेला आहे. लग्नसराई. बायका येत होत्या, स्कॅन करत होत्या, ‘ताई, आले का?’ विचारत होत्या, आणि मी ‘आले, आले’ म्हणत होते. ते पैसे जात होते त्याच बंद खात्यात. दोरा, अस्तर, हुक आणायला माझ्या हातात रोख नाही आणि खात्यात रोज भर पडतेय! शेवटी स्टिकरवर चिकटपट्टी मारली. मग कुजबुज सुरू. ताईंचं खातं पोलिसांनी बंद केलंय म्हणे. ज्यांनी बँकेत ते वाक्य ऐकलं होतं त्यांनी ते पोचतं केलेलं. एका बाईनं शिवायला टाकलेलं कापड न शिवताच परत नेलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चोरीच्या मशीनवर तर मी शिवत नव्हते ना बाई? मी विकली होती मशीन, माझी, बिलासकट!

इथल्या पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, तक्रार आमच्याकडे नाही, तिकडे बोला. तिकडे फोन केला तर “आप आकर बयान दे दीजिए.” म्हटलं, साहेब, गाडीभाड्याचे पैसेच तुम्ही अडवलेत. तिकडचा हवालदार हसला. तो माणूस वाईट नव्हता. नंतरच्या एका फोनवर त्यानंच नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडच्या एका निवृत्त गृहस्थांना शेअर बाजारात दुप्पट करून देतो म्हणून कुणीतरी लुबाडलं. त्यांनी १९३० या नंबरवर तक्रार केली. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उड्या मारत गेले, आणि एक तुकडा माझ्याकडे आला. पोलिसांच्या भाषेत मी चौथ्या लेयरला होते. तक्रार आली की साखळीतल्या प्रत्येक खात्याला बँका आपोआप होल्ड लावतात. चौथ्या लेयरला बसलेली बाई दलाल आहे की शिंपीण, हे यंत्राला कळत नाही.

तिथून माझ्या नणंदेच्या मुलानं सूत्रं हातात घेतली. तो वकिली करतो. त्यानं सांगितलेलं जेवढं समजलं तेवढं लिहिते. बँक खातं ही ‘मालमत्ता’ आहे आणि पोलीस ती तपासात गोठवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली ठरवलं, आणि तो खटला आपल्याच महाराष्ट्र सरकारचा, तपस नियोगी नावाच्या इसमाविरुद्धचा. तेव्हा फौजदारी संहितेचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १०६ झालं. त्याच कलमात असंही आहे की पोलिसांनी जप्तीची खबर लगेच दंडाधिकाऱ्याला द्यायची. आणि २०२३ साली केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की पोलिसांनी जेवढी रक्कम लिहिलीय तेवढीच अडवा, अख्खं खातं नको. भाच्यानं हे सगळं घालून मेल लिहिला. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्या मुलाशी झालेलं चॅट, मशीनचं मूळ बिल आणि सुनेनं काढलेला गाडीचा फोटो. त्या फोटोला मी तेव्हा हसले होते. मेल गेल्यावर बाकीचं खातं सुटलं. साडेपंधरा हजार अडकलेले राहिले.

तर आता ज्यांना जुनं सामान विकायचंय त्यांना मी काय सांगू? सांगायला खूप माणसं आहेत. पिन देऊ नका, लिंक उघडू नका, एकटीनं भेटू नका. सगळं बरोबर आहे. पण हे सगळे सल्ले तुमचे पैसे घेऊन पळणाऱ्या चोरापुरते. चोर पैसे देऊनही जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चोरलेला पैसा खात्यात पडून राहिला की पकडला जातो, म्हणून त्याला तो पटकन कशात तरी बदलून टाकायचा असतो. मोबाइल, लॅपटॉप, दुचाकी, शिलाई मशीन, काहीही चालतं. विकणारा प्रामाणिक असला तर चोराला उलट बरंच.

पैसे घेताना ते वस्तू घेणाऱ्याच्याच नावावरून येऊ द्या, असं भाचा म्हणतो. मी वर लिहिलंय की ते इथे जमणारं नाही, आणि तेही खरंच आहे. मग रोख घ्या, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. पण रोखीतही पाचशेची खोटी नोट येते, आणि एवढी रोख घेऊन अंजुरफाट्यावरून संध्याकाळी चालत येऊन दाखवा. परवा मी जुना पंखा आणि कपाट विकलं, आणि पैसे ऑनलाइनच घेतले. फरक एवढाच, की त्या माणसाला आधी विकत घेतल्याचा कागद लिहायला लावला, सही घेतली, वस्तूसकट त्याचा फोटो काढला आणि चॅट पुसलं नाही. हे चारही ठेवा. गुन्हा थांबत नाही त्यानं, पण तुमच्या बाजूनं बोलणारं तेवढंच काहीतरी असतं.

त्या मुलाचं मात्र मला कोडं आहे. सुरुवातीला त्याला रोज शिव्या घालत होते. पण चोरीच्या पैशानं मशीन घेणारा माणूस शेवटच्या पाचशेसाठी अर्धा तास कशाला भांडेल? शटल घासलेलं कशाला शोधेल? मला वाटतं तो खराच कारागीर होता. कष्टाची रोख त्यानं कुणाच्या तरी हातात ठेवली, आणि त्या कुणीतरी आपल्या घाणेरड्या खात्यातून मला पैसे मारले. भाचा म्हणतो, मामी, तू फार भोळी. असेन. त्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे, हेही खरं. आणि ते निवृत्त गृहस्थ? त्यांचे पैसे त्यांना परत मिळावेत असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या साडेपंधरा हजारांतून का? मशीन तर माझी गेली. दोघांनाही एकाच ताटात जेवायला बसवलंय आणि पोळी एकच आहे.

ती रक्कम सोडवायची तर अर्ज तिकडच्या न्यायालयात करायचा. तिकडच्या वकिलाची फी आणि जाणं-येणं धरलं तर साडेपंधरा हजार कमी पडतील. म्हणून सध्या फक्त मेल चालू आहेत.

बँकांना माझं एकच मागणं आहे. होल्ड लावायचाच असेल तर लावा, पण त्याच दिवशी खातेदाराला मराठीत मेसेज पाठवा. किती रक्कम, कुठलं पोलीस ठाणं, तक्रारीचा नंबर काय आणि बोलायचं कुणाशी. आणि काउंटरवरच्या मुलांना एवढं शिकवा की समोर उभी असलेली बाई गुन्हेगार ठरलेली नाही, तेव्हा जे सांगायचं ते तिला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगा.